काय उजेड पाडलास

कुताइसीच्या नऊमजली इमारतीत मी लिफ्ट सांभाळतो,
नाणं टाकल्याशिवाय न हलणारी.
रविवारी फोटो काढतो. फुकट, आणि बहुतेक वाईट.

सहाव्या मजल्यावरच्या एतेरीबाईंना फोटो हवा होता
थडग्याच्या दगडावर कोरायला.
"मी गेल्यावर मुलगा पासपोर्टवरचा देऊन मोकळा होईल.
त्यात मी चोरासारखी दिसते."

पहिल्या रविवारी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं.
पाठ ताठ, गुडघे जुळलेले,
हात मांडीवर असे, जणू कुणीतरी सांभाळायला दिलेत.
फ्लॅश तोंडावर फुटला.
कपाळ घासलेल्या पातेल्यासारखं, नाक सपाट,
आणि मागे भिंतीवर एक काळी बाई, त्यांच्याहून रुंद.
चष्मा लावून त्यांनी खूप वेळ पाहिलं.
मग म्हणाल्या, काय उजेड पाडलास रे.

आठवडाभर लिफ्टच्या पोकळीत डोकं घालून
मी त्या एका वाक्याशी झटत होतो.
बॅटरी समोरून धरली की दिसतं सगळं, कळत नाही काही.
हातभर बाजूला धरली
की तारेला जाडी येते, स्क्रूला आटे,
तडा कुठे गेलाय ते तडाच सांगतो.
हे मला एकोणीस वर्षं ठाऊक होतं.
चेहऱ्यालाही ते लागू असेल,
असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी आधी वरचा दिवा मालवला.
खुर्ची खिडकीशी ओढली, तिरकी.
बाल्कनीतली लाल गोधडी काढायला लावली,
तिचा रंग गालावर चढत होता.
दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या फळीवर पांढरा टेबलक्लॉथ टाकला,
सावलीला थोडं उसनं मिळावं म्हणून.
मान इकडे. हनुवटी खाली. नाही, एवढी नाही.
"मला काय नळ समजतोस, पिळतोयस?"

सगळं जमलं, हात सोडून.
हात कुठे ठेवू, त्या विचारत राहिल्या.
मांडीवर नको, गळ्याशी नको, गालाशी तर मुळीच नको.
मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं
या हातांना कुणी नुसतं ठेवलंच नव्हतं.
शेवटी शेल्फवरून अक्रोडांची परडी काढून दिली.
हातांना आपोआप जागा सापडली,
खांदे उतरले,
आणि बाई लिफ्टवर घसरल्या:
गुरुवारी चौथ्यावर अडकले, चाळीस मिनिटं,
हातात पेटीभर टोमॅटो, आणि तू कुठे होतास, तू
— तेव्हा दाबलं.

एक गाल खिडकीचा, एक खोलीचा.
तोंड अर्धं उघडं, डोळ्यात माझी पूर्ण हजामत.
माझ्या हातून आजवर निघालेला
एवढा एकच फोटो, ज्यात कुणीतरी राहतं.

दगड कोरणाऱ्या मुर्मानने तो उलटसुलट पाहिला.
"ही अर्धीच बाई आहे."
मी म्हटलं, ती सावली आहे.
"सावली मी कोरू कशी? दगड काळाच असतो.
मला उजेड खरवडून काढावा लागतो.
दुसरा आहे?"

होता. खिशात, दुमडलेला.
ताठ पाठ, पातेल्याचं कपाळ.
"हा घे ना! नाक, कान, सगळं स्वच्छ."
मी घरी येईपर्यंत जिने चढत आलो.

एतेरीबाई हसल्या. तिथे ताठच बसलेलं बरं, म्हणाल्या,
येणारेजाणारे बघतात.

खिडकीतला फोटो त्यांनी स्वयंपाकघरात लावलाय,
नेमका खिडकीसमोर.
तीन वाजले की काचेवर ऊन येतं आणि आत काहीच दिसत नाही.
मी म्हटलं, खिळा दोन वीत डावीकडे घेऊ.
"राहू दे," म्हणाल्या, परडी पुढ्यात ओढत,
"तेवढा वेळ तिला कुणी बघू नये."